जहाजावरील वातानुकूलन : केंद्रीय यंत्रणा आणि केबिनच्या तापमानाचे नियंत्रण

प्रस्तावना :
मालवाहू जहाजावरील काम अहोरात्र चालते. मध्यरात्रीची पाळी संपविणाऱ्याला आपली बरीचशी झोप दिवसा, उन्हाने तापलेल्या पोलादी भिंतींच्या आड पूर्ण करावी लागते. थकलेल्या माणसाच्या हातून घडलेली चूक संपूर्ण जहाजाला संकटात टाकू शकते. २००६ चा आंतरराष्ट्रीय सागरी कामगार करार २०१३ मध्ये अमलात आला. समशीतोष्ण हवामानात नियमित फिरणाऱ्या जहाजांचा अपवाद वगळता त्याने निवासस्थानांचे वातानुकूलन आवश्यक मानले आहे. एकच यंत्रणा सर्वांना हवा पुरवीत असताना प्रत्येक केबिनचे तापमान वेगळे कसे राखले जाते, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

केंद्रीय प्रक्रिया :
बाहेरची ताजी हवा व केबिनकडून परतलेली हवा मध्यवर्ती कक्षात एकत्र करून गाळली जाते आणि थंड नळ्यांवरून नेली जाते. आयएसओ ७५४७ या मानकाच्या २००२ च्या आवृत्तीत उन्हाळ्यासाठी बाहेर ३५ अंश सेल्सिअस व ७० टक्के सापेक्ष आर्द्रता, तर आत २७ अंश व ५० टक्के आर्द्रता गृहीत धरली आहे. म्हणजेच प्रत्येक किलो ताज्या हवेतून सुमारे १४ ग्रॅम बाष्प काढावे लागते. त्यासाठी हवा १६ अंशांच्याही खाली थंड करणे अपरिहार्य ठरते.

केबिनमधील नियंत्रण :
ही हवा सर्वांना सारखीच मिळते. गरज मात्र भिन्न असते. उन्हाच्या बाजूची केबिन तापते, तर सावलीतील गारठते. यावर प्रामुख्याने चार पद्धती योजल्या जातात.

१) प्रमाण-नियंत्रण : झडप फिरवून येणाऱ्या हवेचे प्रमाण कमी-अधिक केले जाते. ही सर्वांत साधी पद्धत होय.

२) पुनर्तापन : थर्मोस्टॅटच्या आज्ञेनुसार विजेचा किंवा गरम पाण्याचा हीटर थंड हवेला आवश्यक तेवढी ऊब देतो. आधी थंड करून पुन्हा तापविणे हा ऊर्जेचा अपव्यय वाटतो. परंतु मध्यवर्ती तापमानच वाढविल्यास बाष्प हवेत राहते व केबिन दमट होते.

३) दुहेरी डक्ट : थंड व उबदार हवा स्वतंत्र मार्गांनी येऊन केबिनमध्ये हव्या त्या प्रमाणात मिसळते.

४) फॅन कॉइल : प्रवासी जहाजांत केबिनमधील छोटा पंखा तेथीलच हवा थंड पाण्याच्या नळ्यांवरून फिरवितो, थर्मोस्टॅट पाण्याचा प्रवाह नियंत्रित करतो.

समारोप :
सारांश, केबिनमधील बटण थंडावा निर्माण करीत नाही. ते सामायिक थंडाव्यातील वाटा ठरविते. त्यामुळे झोतापासून वाचण्यासाठी कोणी झडप कागद कोंबून बंद केली, तर त्याची ताजी हवा तुटते आणि इतर केबिनांच्या पुरवठ्याचा समतोल ढळतो. दारातील जाळी झाकल्यास हवेचा परतीचा मार्गही अडतो. यंत्रणेची ही परस्परावलंबी रचना प्रत्येक नाविकाला समजावून देणे, हे उत्तम यंत्राइतकेच महत्त्वाचे आहे.