हाड जुळले, तरी हिशेब उघडा

कांद्याच्या हंगामात लासलगावचे रस्ते ट्रॅक्टरांनी भरून जातात. अशा गर्दीत अपघात होऊन मुलाच्या मांडीचे हाड मोडू शकते. सहा महिने ते पाच वर्षे या वयात बहुधा कमरेपासूनचे प्लास्टर पुरते; पाच ते अकरा वर्षांच्या मुलांत लवचिक टायटॅनियम सळ्या घालतात. प्लास्टरमध्ये वेदना वाढत गेल्या किंवा बोटे निळी, बधिर पडली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.

हाड काही आठवड्यांत जुळते. मात्र जुळताना तेथील रक्तपुरवठा वाढतो, हाडाच्या वाढीला वेग येतो आणि तो पाय एक-दोन सेंटिमीटर लांब होऊ शकतो. क्वचित तो आखूड किंवा वाकडाही राहतो. म्हणून प्लास्टर निघताच खाते बंद करू नये. निदान दोन वर्षे डॉक्टरांकडून दोन्ही पायांची लांबी ताडून घ्यावी.