पडद्यामागचं वेब – भाग ७ : परत आलो, पण कुठे?

एका ग्रंथालयाची जुन्या दिवाळी अंकांची यादी मी परवा रात्री मोबाइलवर चाळत होतो. बरंच खाली गेल्यावर हवा तो अंक सापडला, उघडला, पाहिला आणि बॅक दाबलं. यादी थेट पहिल्या नोंदीवर! पुन्हा सगळं खाली सरकवण्याचा धीर नव्हता, शेजारचे अंक पाहायचे राहूनच गेले.

हे टाळण्याची सोय ब्राउझरमध्ये मुळातच आहे. मागच्या भागात टॅबच्या इतिहासाची चळत पाहिली. त्यातल्या प्रत्येक नोंदीत पत्त्याबरोबर तुम्ही पान किती खाली सरकवलं होतं तेही टिपलेलं असतं. समजा, वरून ४,२०० पिक्सेल. परत आलात की ब्राउझर पान तेवढं सरकवून देतो.

पण त्यासाठी पान तेवढं लांब तरी हवं. चित्रं अजून उतरलेली नाहीत, त्यांची लांबी-रुंदी लिहिलेली नाही, म्हणून पान तूर्त १,५०० पिक्सेलचंच आहे, तर ४,२०० वर जायचं कसं? पान वाढेल तसा ब्राउझर पुन्हा प्रयत्न करू शकतो, मात्र मध्येच तुम्ही स्वतः पान सरकवलंत तर तो तुमच्या आड येत नाही. म्हणूनच चित्राच्या टॅगमध्ये दोन्ही मापं लिहावीत. दोन आकडे लिहिले की चित्र येण्याआधीच त्याची जागा राखली जाते.

याहून देखणा उपाय फायरफॉक्स १.५ मध्ये २००५ साली आला: पान सोडताना ते जसंच्या तसं, त्यातल्या चालू जावास्क्रिप्टसकट, मेमरीत गोठवून ठेवायचं. परत आलात की तेच पान पुढ्यात, नव्यानं काही मांडावं लागत नाही. डेस्कटॉपवरच्या क्रोममध्ये ही सोय यायला २०२१ उजाडलं.

माझ्या यादीचं दुखणं मात्र वेगळं असावं. आजच्या कित्येक साइटवर लिंक दाबली तरी पान खरं बदलत नाही. जावास्क्रिप्ट त्याच पानातला मजकूर बदलतं आणि 'पुशस्टेट'नं इतिहासात नोंद घालतं. बॅक दाबल्यावर ब्राउझर जागा शोधू लागतो, तेव्हा यादी सर्व्हरकडून यायचीच असते. मग रिकाम्या पानावर तो काय शोधणार?

या अडचणीवर क्रोमनं २०१५ मध्ये 'स्क्रोलरिस्टोरेशन' हा गुणधर्म आणला, पुढे इतरांनीही. त्याची किंमत 'मॅन्युअल' ठेवली की ब्राउझर जागेवर आणण्याच्या कामातून बाजूला होतो; यादी आल्यावर जागा लावण्याचं काम प्रोग्रामरचं. खाली जाऊ तशी वाढणारी यादी असेल, तर किती नोंदी आणल्या होत्या हेही त्यानंच जपायचं. 'मॅन्युअल' लिहायला एक ओळ पुरते, पुढचं काम बरंच असतं आणि नेमकं तेच अर्धवट सुटतं. वाचकाची जागा हरवणं ही माझ्या मते किरकोळ त्रुटी नव्हे. साइट बंद पडण्याइतकीच ती गंभीर मानायला हवी.

तुमची स्वतःची साइट असेल तर यादीतल्या चाळिसाव्या नोंदीवर जा, ती उघडा आणि मागे या. हे मंद नेटवर्कवर करून पाहा. घरच्या वेगवान वायफायवर हा दोष सहसा दिसत नाही.

पुढच्या भागात: वाचता वाचता वरती जाहिरात उघडली, तरी डोळ्यासमोरची ओळ जागच्या जागी कशी राहते?