नेत्रशुष्कता व कृत्रिम अश्रू

डोळ्याचा पुढील पृष्ठभाग ओलसर ठेवणारे अश्रूंचे पटल अपुरे पडल्यामुळे अथवा ते लवकर फाटत असल्यामुळे उद्‌भवणाऱ्या, दीर्घकाळ टिकणाऱ्या विकारास ‘नेत्रशुष्कता’ म्हणतात. डोळे चुरचुरणे, वाळू गेल्यासारखे खुपणे, जळजळ, लाली, पापण्या जड वाटणे, तसेच वाचताना अक्षरे मधूनच अंधुक होऊन उघडझाप केल्यावर पुन्हा स्पष्ट दिसणे ही याची लक्षणे होत. काही रोग्यांच्या डोळ्यांतून उलट पाणी वाहते आणि त्यामुळे आपले डोळे कोरडे आहेत यावर त्यांचा विश्वास बसत नाही. पृष्ठभाग कोरडा पडून चुरचुरू लागला म्हणजे मुख्य अश्रुग्रंथी प्रतिक्षेपी क्रियेने एकदम पुष्कळ पाणी सोडते. परंतु ते पृष्ठभागावर न टिकता गालावरून ओघळून जाते. या विकाराने बहुधा दृष्टी जात नाही. मात्र तो वर्षानुवर्षे रेंगाळतो. त्यावर सर्वांत अधिक वापरले जाणारे औषध म्हणजे डोळ्यांत घालावयाचे थेंब. हे थेंब पुष्कळ रोगी औषधांच्या दुकानातून स्वतःच निवडून आणतात. ही निवड चुकल्यास लाभाऐवजी अपाय होण्याचा संभव असतो.

अश्रुपटल : निरोगी डोळ्यावरील अश्रुपटलाची जाडी केवळ सु. ३ मायक्रोमीटर असते. त्याचे तीन घटक मानतात. स्वच्छमंडलाला (बुबुळापुढील पारदर्शक भागाला) लागून असलेला श्लेष्मल घटक पाण्याला पृष्ठभागावर पसरू देतो. मधला जलीय घटक अश्रुग्रंथींतून येतो व त्यात लवणे, प्रथिने आणि जंतुनाशक एंझाइमे असतात. सर्वांत वर तेलाचा अतिशय पातळ थर असून तो बाष्पीभवनास आळा घालतो. हे तेल पापण्यांच्या कडांतील मायबोमियन ग्रंथींतून स्रवते. या ग्रंथींचे सविस्तर वर्णन हाइन्‍रिख मायबोम या जर्मन वैद्यांनी १६६६ मध्ये केले. अश्रूंतील लायसोझाइम या एंझाइमाचे वर्णन अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९२२ मध्ये केले. त्यांच्या प्रयोगांत मानवी अश्रूंचा भरपूर उपयोग केलेला होता. बाटलीतील कृत्रिम अश्रूंत हे एंझाइम नसते, ही गोष्ट पुढे महत्त्वाची ठरते.

कारणे : वरील घटकांपैकी कोणता उणा पडला आहे त्यानुसार विकाराचे दोन प्रमुख प्रकार पडतात. पहिल्यात जलीय स्राव कमी असतो. हेन्‍रिक श्येग्रेन या स्वीडिश नेत्रवैद्यांनी १९३३ मध्ये आपल्या प्रबंधात वर्णिलेला, डोळे व तोंड कोरडे पडून सांध्यांनाही सूज येणारा रोग या प्रकाराचे ठळक उदाहरण होय. वाढते वय, स्त्रियांतील ऋतुनिवृत्ती, तसेच हिस्टामीनरोधके व काही अवसादरोधके यांसारखी औषधे यांमुळेही स्राव घटतो. दुसऱ्या प्रकारात पाणी पुरेसे असूनही तेलाचा थर निकृष्ट असल्याने ते लवकर उडून जाते. हा प्रकार अधिक आढळतो आणि पुष्कळ रोग्यांत दोन्ही प्रकार एकत्र असतात. विदर्भ-मराठवाड्यातील कोरडा उन्हाळा, अंगावर सतत वारा सोडणारा पंखा, वातानुकूलित खोली, चुलीचा धूर व दुचाकीवरील प्रवास यांमुळे बाष्पीभवन वाढते. संगणक वा भ्रमणध्वनी यांच्या पडद्याकडे एकटक पाहण्याचाही परिणाम होतो. १९९३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जपानी निरीक्षणात, स्वस्थ बसलेली व्यक्ती मिनिटास सरासरी २२ वेळा, पुस्तक वाचताना १० वेळा आणि पडद्याकडे पाहताना केवळ ७ वेळा डोळ्यांची उघडझाप करते, असे दिसून आले.

अ जीवनसत्त्वाच्या अभावामुळे मुख्यतः लहान मुलांत होणारा शुष्काक्षिरोग यापासून वेगळा ओळखला पाहिजे. त्याची सुरुवात रातांधळेपणाने होते, उपाय न केल्यास स्वच्छमंडल विरघळून कायमचे अंधत्व येते आणि त्यावर जीवनसत्त्वाची मात्रा तातडीने देणे हाच उपाय असतो. अशा मुलाच्या डोळ्यांत कृत्रिम अश्रू घालत राहणे म्हणजे मोलाचा वेळ गमावणे होय.

निदान : जर्मन नेत्रवैद्य ओटो शिर्मर यांनी १९०३ मध्ये सुचविलेली कसोटी अद्याप वापरात आहे. गाळण कागदाची ५ मिमी. रुंदीची पट्टी खालच्या पापणीत अडकवून ५ मिनिटांत ती किती भिजते हे मोजतात, ५ मिमी. पेक्षा कमी भिजल्यास स्राव निश्चितपणे अपुरा समजतात. फ्ल्युओरेसीन या रंजकद्रव्याचा थेंब घालून, उघडझाप न करता अश्रुपटल किती सेकंदांनी फाटते हेही पाहतात. १० सेकंदांपेक्षा कमी काळ पटल अस्थिर असल्याचे दर्शवितो. पापण्यांच्या कडा दाबून तेल कसे निघते याची तपासणी तितकीच आवश्यक असते, कारण थेंबांची निवड बरीचशी तिच्यावर अवलंबून असते.

कृत्रिम अश्रूंची घटना : केवळ लवणजल डोळ्यात काही क्षणच टिकते. म्हणून त्यात श्यानता (दाटपणा) वाढविणारे एखादे बहुवारिक मिसळतात. मिथिल सेल्युलोजाचा नेत्रवैद्यकातील उपयोग १९४५ च्या सुमारास सुरू झाला. त्यानंतर हायड्रॉक्सिप्रोपिल मिथिल सेल्युलोज, पॉलिव्हिनिल अल्कोहॉल, कार्बॉक्सिमिथिल सेल्युलोज (सामान्यतः ०·५ ते १ टक्का) व सोडियम हायल्युरोनेट (०·१ ते ०·२ टक्क्याच्या आसपास) ही द्रव्ये प्रचारात आली. एका प्रकारात गवारीच्या बियांपासून काढलेल्या डिंकाचे रूपांतरित स्वरूप वापरतात. बाटलीत ते पातळ असते, परंतु अश्रूंच्या किंचित क्षारकीय माध्यमात बोरेटाच्या साहाय्याने त्याचे मऊ जेल बनते व ते पृष्ठभागाला धरून राहते. तेलाचा थर उणा असलेल्या रोग्यांसाठी एरंडेल किंवा खनिज तेल यांची सूक्ष्म पायसे मिळतात. अर्थात यावरून घरातील एरंडेल डोळ्यांत घालावे असा अर्थ काढणे चुकीचे आहे. ते निर्जंतुक नसते. मध, गुलाबजल, काजळ व सुरमा यांविषयीही हेच म्हणावे लागते. अमेरिकेत २०२३ मध्ये मान्यता मिळालेल्या परफ्ल्युओरोहेक्झिलऑक्टेन या द्रवात पाणी मुळीच नसते. तो पृष्ठभागावर पसरून बाष्पीभवन रोखतो.

थेंब जितका दाट तितका तो अधिक काळ टिकतो, मात्र तितकीच दृष्टीही काही वेळ धूसर होते. म्हणून दिवसा, विशेषतः वाहन चालविणाऱ्याने व यंत्रावर काम करणाऱ्याने पातळ थेंब आणि रात्री झोपताना जेल किंवा पॅराफिनयुक्त मलम वापरणे सोयीचे असते. कोणते बहुवारिक श्रेष्ठ याविषयी मात्र जाहिरातींतील दावे फारसे मनावर घेऊ नयेत. दुकानात चिठ्ठीवाचून मिळणाऱ्या कृत्रिम अश्रूंवरील ४३ चाचण्यांचा २०१६ मध्ये एकत्रित आढावा घेण्यात आला. हे थेंब उपयुक्त असावेत, परंतु त्यांच्यापैकी बहुतेकांत परस्परांच्या तुलनेने फारसा फरक आढळत नाही, असे त्यात दिसून आले. एक प्रकार महिनाभर नियमितपणे वापरून आराम न पडल्यास दुसऱ्या घटकाचा प्रकार घेऊन पाहणे यातच निवडीची व्यावहारिक रीत आहे. केवळ नाव वेगळे पण घटक तोच, अशी बाटली घेण्यात काही हशील नाही. म्हणून वेष्टनावरील बारीक अक्षरांतील घटक वाचावेत.

परिरक्षके : वेष्टनावर सर्वप्रथम पाहावयाची गोष्ट बहुवारिक नसून परिरक्षक ही होय. अनेक वेळा उघडल्या जाणाऱ्या बाटलीत जंतू वाढू नयेत म्हणून त्यात परिरक्षक घालतात. त्यांपैकी बेंझाल्कोनियम क्लोराइड हे सर्वांत अधिक वापरले जाते. त्याची क्रिया साबणासारखी असते. ते जंतूंची पटले फोडते, त्याचप्रमाणे अश्रूंवरील तेलाचा थर विस्कटते आणि स्वच्छमंडलाच्या वरच्या कोशिकांनाही इजा करते. निरोगी डोळ्यात भरपूर अश्रूंमुळे ते लवकर विरळ होते. कोरड्या डोळ्यात तसे होत नाही. परिणामी रोगी कोरडेपणासाठी थेंब घालतो, थेंबांमुळे कोरडेपणा वाढतो आणि म्हणून तो आणखी थेंब घालतो. काचबिंदूवरील औषधे वर्षानुवर्षे घालणाऱ्यांतही नेत्रशुष्कता वारंवार आढळते व तिचे एक कारण हेच परिरक्षक असते. मऊ स्पर्शभिंगे ते शोषून घेतात. म्हणून भिंगे काढून मगच असे थेंब घालावेत व सु. १५ मिनिटांनी ती पुन्हा बसवावीत.

सोडियम परबोरेट किंवा स्थिरीकृत ऑक्सिक्लोरो संयुग ही परिरक्षके डोळ्यात गेल्यावर निरुपद्रवी पदार्थांत विघटित होत असल्याने सौम्य समजली जातात. दिवसातून चारपेक्षा अधिक वेळा थेंब घालावे लागत असल्यास किंवा विकार तीव्र असल्यास परिरक्षकरहित थेंबच घेणे इष्ट असते. ते एका वेळेपुरत्या लहान कुप्यांत, किंवा बाहेरची हवा व जंतू आत येऊ न देणारी झडप बसविलेल्या खास बाटल्यांत मिळतात. त्यांची किंमत अधिक पडते, ही त्यांची मोठी अडचण आहे. काटकसर म्हणून उघडलेली कुपी दोन-तीन दिवस पुरविण्याची सवय मात्र धोक्याची आहे.

हा धोका किती मोठा असतो हे २०२३ मध्ये अमेरिकेत दिसून आले. भारतात तयार झालेल्या, परिरक्षक नसलेल्या परंतु साध्या बहुमात्र बाटलीत भरलेल्या कृत्रिम अश्रूंशी संबंधित असा औषधांना दाद न देणाऱ्या स्यूडोमोनस एरुजिनोझा या जंतूच्या संसर्गाचा उद्रेक तेथे झाला. त्या वर्षीच्या मे महिन्यापर्यंत १८ राज्यांत ८१ रोगी नोंदले गेले. त्यांपैकी चौघे मरण पावले, चौदा जणांची दृष्टी गेली आणि चौघांचा डोळा काढून टाकावा लागला. अश्रू मुळात अपुरे असलेल्या डोळ्यात लायसोझाइमासारख्या नैसर्गिक संरक्षकांचीही उणीव असते, म्हणून दूषित थेंब अशा डोळ्यास विशेष घातक ठरतो. परिरक्षक नको असेल, तर त्याची जागा घेणारी कुपी अथवा झडप हवीच.

टाळावयाचे थेंब : लाली घालविण्यासाठी विकले जाणारे नॅफॅझोलीन किंवा टेट्राहायड्रोझोलीनयुक्त थेंब रक्तवाहिन्या आकुंचित करतात. त्यांनी डोळा तासाभरात पांढरा दिसतो, परंतु कोरडेपणा तसाच राहतो व थेंब थांबविल्यावर लाली पूर्वीपेक्षा वाढते. त्याहून गंभीर प्रश्न डेक्सामेथासोनासारख्या स्टेरॉइडयुक्त थेंबांचा आहे. ते चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने मनाई आहे, तरीही एकदा लिहून दिलेली जुनी चिठ्ठी दाखवून किंवा शेजाऱ्याच्या सांगण्यावरून ते घेतले जातात. त्यांनी चुरचुर चटकन थांबते, हाच त्यांतील धोका आहे. महिनोन्‌महिने वापरल्यास नेत्रातील दाब वाढून काचबिंदू होतो व दृष्टितंत्रिका नष्ट होऊ लागते, मोतीबिंदूही होतो. काचबिंदूमुळे गेलेली दृष्टी परत येत नाही. नेत्रवैद्य शोथ (दाहयुक्त सूज) कमी करण्यासाठी असे थेंब काही आठवड्यांपुरते देतात, परंतु त्या वेळी नेत्रदाब मोजला जातो.

वापरण्याची रीत : नेत्रश्लेष्मकलेच्या खाचेत (खालच्या पापणीच्या आतील खाचेत) सु. ३० मायक्रोलिटर द्रव मावतो व बाटलीतून पडणारा एक थेंबच बहुधा तितका किंवा त्याहून मोठा असतो. म्हणून दोन थेंब घातल्यास दुसरा वाया जातो. हात धुऊन, खालची पापणी ओढून, बाटलीचे टोक कोठेही टेकू न देता एक थेंब सोडावा व डोळा मिनिटभर अलगद मिटून ठेवावा. दुसरे औषध घालावयाचे असल्यास मध्ये किमान ५ मिनिटे जाऊ द्यावीत. मलम सर्वांत शेवटी लावावे. बहुमात्र बाटली उघडल्याची तारीख तिच्यावर लिहून ठेवून महिन्याभराने ती टाकून द्यावी. चुरचुर होण्याची वाट न पाहता ठरलेल्या वेळी थेंब घालणे अधिक लाभदायक असते.

पापण्यांतील तेलग्रंथी तुंबलेल्या असल्यास केवळ थेंबांनी भागत नाही. सु. ४०° से. तापमानाच्या ओल्या फडक्याने मिटलेल्या पापण्या ५ ते १० मिनिटे शेकून कडा हलकेच चोळल्यास घट्ट झालेले तेल पातळ होऊन बाहेर येते. माशाच्या तेलातील ओमेगा-३ अम्लांविषयी मोठी आशा बाळगली जात होती. परंतु २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकन चाचणीत ती ऑलिव्ह तेलापेक्षा सरस ठरली नाहीत.

पुढील उपचार : योग्य थेंब नियमित वापरूनही लक्षणे कायम राहिल्यास मूळ शोथावर उपचार करतात. अमेरिकेत २००२ मध्ये मान्य झालेले ०·०५ टक्के सायक्लोस्पोरीन व २०१६ मध्ये मान्य झालेले लिफिटेग्रास्ट ही या वर्गातील औषधे होत. सायक्लोस्पोरिनाचा परिणाम दिसण्यास काही आठवडे ते महिने लागतात आणि प्रारंभी ते झोंबते. ही कल्पना न दिल्यामुळे अनेक रोगी ते मध्येच सोडून देतात. अश्रू वाहून नेणारी नाकाजवळची छिद्रे सूक्ष्म बुचांनी बंद करण्याची रीत १९७५ पासून रूढ आहे. अतितीव्र विकारात रोग्याच्याच रक्तातील रक्तरस निर्जंतुक लवणजलात विरळ करून त्याचे थेंब वापरतात. त्यात स्वच्छमंडलाच्या कोशिकांना पोषक अशी द्रव्ये असतात, परंतु परिरक्षक नसल्याने ते शीतकपाटात ठेवावे लागतात. डोळा एकाएकी दुखू लागणे, उजेड सहन न होणे, पू येणे किंवा दिसणे कमी होणे ही नेत्रशुष्कतेची नेहमीची लक्षणे नव्हेत. ती दिसताच थेंब बदलत न बसता त्याच दिवशी नेत्रवैद्यास दाखवावे व वापरात असलेली बाटली सोबत न्यावी.