काचवस्तू, दाबीव

वितळलेल्या काचेचा मोजका गोळा लोखंडी साच्यात घालून तो वरून दट्ट्याने दाबला असता तयार होणाऱ्या वस्तूंना दाबीव काचवस्तू म्हणतात. पेले, वाडगे, तबके, फुलदाण्या, राखदाण्या इ. घरगुती वस्तू या पद्धतीने बनविल्या जातात. हातदाबयंत्राचा वापर अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत १८२० नंतरच्या दशकात सुरू झाला व लवकरच यूरोपात पसरला. चाकावर घासून पैलू पाडण्यास कुशल कारागिराला पुष्कळ वेळ लागे. तीच नक्षी साच्यात एकदा कोरली, की ती असंख्य वस्तूंवर उमटविता येई. त्यामुळे नक्षीदार काच सामान्य घरांच्या आवाक्यात आली.

चेक काचवस्तू : बोहीमियात, विशेषतः तेप्लित्से शहराच्या परिसरात, योझेफ इनव्हाल्ड, योझेफ रिंट्स्कॉप्फ इत्यादींच्या कारखान्यांनी या धंद्याचा मोठा विस्तार केला. याब्लोनेट्स येथील मणी, गुंड्या व बांगड्या भारतातही येत असत. १९४५ मध्ये चेकोस्लोव्हाकियातील काचउद्योगाचे राष्ट्रीयीकरण झाले व १९६५ मध्ये दाबीव काचेचे अनेक कारखाने ‘स्क्लो यूनियन’ या संस्थेखाली एकत्र आले. फ्रांटिशेक व्हिझ्नर, अडॉल्फ मातुरा, रुडॉल्फ युर्निक्ल प्रभृती कलावंतांनी या काळात पैलूदार काचेचे अनुकरण सोडून साच्याला साजेसे नवे आकार निर्माण केले.

महाराष्ट्रातील स्थिती : विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई बंदरात जपान, चेकोस्लोव्हाकिया, जर्मनी व बेल्जियम या देशांतून काचसामान उतरे व तेथून अंतर्भागातील बाजारपेठांत जाई. स्वदेशी प्रयत्नांत अंताजी दामोदर काळे यांच्या पैसा फंडातून तळेगाव दाभाडे येथे १९०८ मध्ये उभारलेला कारखाना आणि कऱ्हाडजवळील ओगलेवाडी येथे १९१६ मध्ये स्थापन झालेला ओगले काच कारखाना हे प्रमुख होत. ओगल्यांचा ‘प्रभाकर’ कंदील घरोघरी पोहोचला. जुन्या घरांतील काचसामानात परदेशी व देशी माल असा मिसळलेला असतो. व्यापारी मात्र सर्वच जुन्या काचेला सरसकट ‘बेल्जियमची काच’ म्हणतात. या नावावर विसंबल्यास वस्तूचे मूळ व मोल दोन्ही चुकतात आणि देशी कारागिरांचे श्रेय परक्यांच्या नावे जमा होते.

ओळखण्याच्या खुणा : प्रथम वस्तू दाबीव आहे काय, हे ठरवावे. साच्यात फुंकलेल्या वस्तूची आतली बाजू बाहेरच्या नक्षीप्रमाणे खालीवर होते. दाबीव वस्तूची आतली बाजू मात्र दट्ट्यामुळे स्वतंत्र आकाराची व बहुधा गुळगुळीत असते. दट्ट्या वर निघावा लागत असल्याने आतील पोकळी तोंडापेक्षा रुंद असू शकत नाही. तशी असल्यास ती वस्तू फुंकलेली किंवा दाबल्यानंतर तोंड आवळलेली असते. साच्याचे भाग जेथे जुळतात तेथे बारीक उभ्या सांधरेषा उमटतात. चांगल्या मालात त्या नक्षीच्या कडांत लपविलेल्या किंवा ज्वालेने उजळून पुसट केलेल्या असतात. घासून पाडलेल्या पैलूंच्या कडा बोटाला धारदार लागतात, तर दाबीव नक्षीच्या कडा किंचित गोलसर लागतात.

यानंतर नक्षी पाहावी. हिरा, तारा, पंखा व उभे खोबण हे घटक सर्वच देशांत आढळतात. म्हणून केवळ घटक न पाहता त्यांची संख्या, क्रम, तळावरील ताऱ्याचे किरण आणि वस्तूची उंची व व्यास मोजून जुन्या कारखान्यांच्या सूचिपत्रांतील चित्रांशी मेळ घालावा. काठ व तळ घासून उजळलेले आहेत की नाहीत, हेही नोंदवावे.

तळावरील अक्षरे कालनिश्चितीस उपयोगी पडतात. चेकोस्लोव्हाकिया हे राष्ट्र १९१८ मध्ये अस्तित्वात आले व १९९२ अखेर विसर्जित झाले; त्यामुळे ते नाव असलेली वस्तू सामान्यतः या मर्यादेतील असते. खुणेचा अभाव मात्र काहीच सिद्ध करीत नाही, कारण पुष्कळ मालावर केवळ कागदी चिठ्ठी असे व ती धुण्यात निघून जाई. भारतीय मालातही खुणा असतात : फिरोझाबाद येथील जैन ग्लास वर्क्सच्या काही इंद्रधनुषी झळाळीच्या पेल्यांवर कारखान्याचे नाव काचेतच उठविलेले आढळते.

फसगतीची कारणे : इनव्हाल्डची एक लोकप्रिय नक्षी लंडनच्या क्लेटन मेयर्स या विक्रेत्यांनी १९२३ मध्ये ब्रिटनमध्ये ‘जॅकोबियन’ या नावाने नोंदविली. त्यामुळे नोंदणी-क्रमांक ब्रिटिश, पण वस्तू बोहीमियात घडलेली, असे घडते. पुढे याच नक्षीचा काही माल इंग्लंडमध्येही निघाला. तसेच युद्धपूर्व साचे राष्ट्रीयीकरणानंतरही वापरात राहिले. म्हणून नक्षीवरून वस्तूचा अगदी प्रारंभीचा संभाव्य काळ तेवढा कळतो, प्रत्यक्ष निर्मितीचा नव्हे. जंबुपार किरणांत हिरवी चमकणारी युरेनियमयुक्त काचही अनेक देशांत बनत असल्याने केवळ चमकेवरून चेक मूळ सिद्ध होत नाही.

जतन व नोंद : जुनी काच राखेने किंवा वाळूने घासू नये, पृष्ठावर ओरखडे येऊन खुणा पुसट होतात. एकदम गरम पाणी ओतल्यास ती तडकते. वस्तू कोणत्या गावी, कोणत्या घरात व कशासाठी वापरात होती, याची नोंद खरेदीच्या वेळीच करावी. शंभर वर्षांहून जुन्या कलावस्तू १९७२ च्या पुरातन वस्तू व कलानिधी अधिनियमाखाली येऊ शकतात व त्या खाजगी रीत्या देशाबाहेर नेता येत नाहीत. दैनंदिन वापराच्या वस्तूंचे महत्त्व पुण्यातील राजा दिनकर केळकर संग्रहालयाने दाखवून दिले आहे. ओगलेवाडीचा कारखाना आता बंद पडलेला आहे. मोडीत निघालेली काच भट्टीत वितळली, की तिची नक्षी, खूण व तिच्याशी निगडित इतिहास ही सर्वच नष्ट होतात.

पहा : काच; काच उद्योग; बांगडी.