सर्व्हरची मेमरी बिघडली तरी आपला आकडा बदलत नाही, तो कसा?

मोबाईलवर सातबारा उघडला, की बँकेतली शिल्लक पाहिली, की ती माहिती कुठल्या तरी सर्व्हरवरून येते. सर्व्हर म्हणजे दिवसरात्र चालू असलेला मोठा कॉम्प्युटरच. मग त्याची मेमरी मधेच खराब झाली तर?

मेमरीत सगळं ० आणि १ च्या रूपात असतं. अशा एका खुणेला बिट म्हणतात. चिप जुनी झाली किंवा अवकाशातून येणारा एखादा कण आदळला, की ० चा १ होऊ शकतो. २००३ साली बेल्जियममधल्या स्कारबेक इथं निवडणुकीत एका उमेदवाराला ४,०९६ मतं जास्त दिसली. तपासात प्रोग्रॅममध्ये चूक सापडली नाही. एकच बिट उलटला असावा, असा अंदाज काढला गेला, कारण १३ व्या जागचा बिट उलटला की बरोबर ४,०९६ चा फरक पडतो.

म्हणून सर्व्हरमध्ये ईसीसी मेमरी वापरतात. प्रचलित पद्धतीत दर ६४ बिटांमागे ८ बिट जादा ठेवतात. ते हिशोबाचा ताळा करतात. एक बिट चुकला तर तो ओळखून जागेवरच दुरुस्त होतो. दोन चुकले तर दुरुस्ती होत नाही, पण चूक कळते. अशा वेळी चुकीचा आकडा देण्यापेक्षा मशीन ते काम थांबवतं.

पुढची सोय म्हणजे राखीव मेमरी. कपाशीच्या नांग्या भरायला शेतकरी पिशवीत चार रोपं जादा लावून ठेवतो, तसाच हा प्रकार. मेमरीचा एक भाग मुद्दाम रिकामा ठेवतात. तो वापरायच्या मेमरीत धरत नाहीत. एखाद्या भागात दुरुस्त्या वारंवार व्हायला लागल्या, की तो पूर्ण बिघडायच्या आधीच सर्व्हर तिथली माहिती राखीव भागात हलवतो आणि खराब भाग बाजूला काढतो. मशीन बंद पडत नाही. तंत्रज्ञ सवडीनं पट्टी बदलतो.

याहून पक्की पद्धत म्हणजे मिररिंग. यात एकच माहिती दोन जागी लिहितात. एक जागा गेली तरी दुसरीवरून काम चालतं. मात्र १२८ जीबी मेमरी बसवली, तरी वापरायला ६४ जीबीच मिळते. खर्च दुप्पट, म्हणून जिथं काम थांबून चालत नाही तिथंच ही पद्धत वापरतात.

तरीही ‘सर्व्हर डाऊन’ दिसतंच. त्यामागं बहुतेक वेळा नेटवर्क, गर्दी किंवा प्रोग्रॅममधला दोष असतो. त्यावर राखीव मेमरीचा इलाज नाही. आणि एक गोष्ट ध्यानात ठेवावी. नोंद करतानाच नाव किंवा क्षेत्र चुकलं असेल, तर सर्व्हर ती चूकच जिवापाड जपतो. त्यामुळे फेरफार झाल्यावर सातबारा उघडून स्वतः वाचून बघावा. ते काम कुठलंच मशीन करत नाही.