सुफळ संपूर्ण

लेखमाला : तिची गोष्ट, माझं वाचन – भाग 5

आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक सर्क्युलेटिंग लायब्ररी होती. जेमतेम एक गाळा, छतापर्यंत पुस्तकं आणि दारात स्टुलावर बसलेले काका. तिथल्या कादंबऱ्यांच्या 27 व्या पानावर, खालच्या कोपऱ्यात, पेन्सिलीच्या खुणा असत. एक बारीक फुली, एक ठिपका, एक चंद्रकोर. फुली माझ्या आईची, ठिपका समोरच्या काकूंचा. चंद्रकोर कुणाची ते शेवटपर्यंत कळलं नाही. कादंबऱ्यांची नावं सारखी, मुखपृष्ठावरची जोडपी सारखी. त्यामुळे पुस्तक आपलं वाचून झालंय की नाही हे ओळखायला बायकांनी आपसात काढलेला हा तोडगा होता. पुस्तकात रेघ ओढली तर काका दंड घ्यायचे, पण 27 व्या पानाकडे त्यांचा काणाडोळा असे.

एकदा आईनं पुस्तक उघडलं, फुली पाहिली आणि पुस्तक पिशवीत टाकलं.

"अगं आई, हे वाचलंयस ना तू?"

"हो. म्हणूनच तर."

या भागात त्या 'म्हणूनच तर'चा अर्थ लावून बघू.

गेल्या आठवड्यात आपण मिल्स अँड बूनची कुंडली मांडली. 1908 साली इंग्लंडात निघालेली ही प्रकाशनसंस्था आधी सगळ्या प्रकारची पुस्तकं काढायची, 1930 च्या दशकात ती प्रेमकथांकडे वळली, 1971 मध्ये कॅनडाच्या हार्लेक्विननं ती घेतली आणि 2008 मध्ये तिनं भारतात बस्तान मांडलं. आता आपल्या काळातल्या कादंबऱ्यांकडे येऊ. त्यांतले नायक-नायिका मोबाइल वापरतात, भाडं थकवतात, थेरपिस्टकडे जातात. आधी रोमान्सची व्याख्या पाहू, कारण या घरात शिरताना दारावरची पाटी वाचलेली बरी.

अमेरिकेतल्या या प्रकारच्या लेखकांनी 1980 मध्ये 'रोमान्स रायटर्स ऑफ अमेरिका' ही संघटना काढली. तिची व्याख्या दोन अटींची आहे. कथेच्या केंद्रस्थानी प्रेम हवं, आणि शेवट मनाला समाधान देणारा, आशेचा हवा. बाकी सगळी मोकळीक. जोजो मॉइसची 'मी बिफोर यू' (2012) वाचून जगभरच्या बायका रडल्या, पण काटेकोर वाचक तिला रोमान्सच्या कपाटात ठेवत नाहीत. का, ते वाचलेल्यांना माहीत आहे; न वाचलेल्यांनी रुमाल जवळ ठेवावा. पक्क्या वाचकांच्या बोलीत सुखान्ताला 'एचईए' म्हणतात, म्हणजे 'हॅपिली एव्हर आफ्टर'. जोडपं लग्नापर्यंत पोचलं नाही पण सध्या सुखात आहे, तर 'एचएफएन', 'हॅपी फॉर नाऊ'. पुस्तक हातात घेण्याआधी अनेकजणी एवढंच विचारतात : यातलं काय आहे?

इथेच नाक मुरडणारे पुढे येतात. शेवट ठाऊक असेल तर वाचायचं कशाला?

मला श्रावणातली दुपार आठवते. आजी पोथी उघडायची, आम्ही हातात तांदळाचे चार दाणे धरून समोर बसायचो आणि कहाणी सुरू व्हायची. नावडत्या राणीला गुरांच्या गोठ्यात राहावं लागायचं, सून घराबाहेर काढली जायची, गरीब बाईची भावाच्या घरच्या पंगतीत शोभा व्हायची. दर सोमवारी, दर शुक्रवारी. कहाणी 'सुफळ संपूर्ण' होणार हे आम्हाला पाठ होतं, आजीला पाठ होतं, पोथीच्या फाटक्या कडांनाही पाठ असावं. तरी 'शेवट सांगू नकोस हं' असं कुणी म्हटल्याचं आठवत नाही. आणि मला आज वाटतं, शेवट पक्का होता म्हणूनच त्या कहाण्यांना इतकं दुःख सांगता येत होतं. पंगतीतल्या अपमानाची गोष्ट सात वर्षांच्या मुलीला ऐकवायची, तर तिला आधी कुठेतरी खात्री द्यावी लागते. विहिरीत उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधतात, तो त्यानं खोल जावं म्हणून. माझ्या आवडत्या कादंबऱ्यांत सुखान्त हा तसा दोर आहे.

आयर्लंडच्या मॅरियन कीजकडे पाहा. तिची पहिली कादंबरी 'वॉटरमेलन' 1995 ची. नायिका बाळंत होते त्याच दिवशी नवरा सांगतो की मी दुसरीकडे चाललो. 'रेचल्स हॉलिडे'मधली रेचल तर व्यसनमुक्ती केंद्रात येऊन पडते आणि कितीतरी पानं आपल्याला पटवत राहते की मला व्यसन नाहीच, घरच्यांचा गैरसमज झालाय, इथे सुट्टी काढून आले आहे. तिच्या बोलण्याला आपण खदखदून हसतो, हळूहळू तिच्या थापा आपल्या लक्षात येतात, आणि मग हसू घशातच अडकतं. कीज स्वतः दारूच्या व्यसनातून बाहेर आलेली आहे आणि ते तिनं कधी लपवलेलं नाही. व्यसनावरचं गंभीर पुस्तक ज्या बाईनं दुकानात हातातही धरलं नसतं, ती रेचलचा हात धरून त्या अंधारात उतरते. दोर असतो ना.

आता दोराकडून गाठींकडे. पामेला रेजिस या अभ्यासिकेनं 2003 च्या आपल्या पुस्तकात इंग्रजी रोमान्सचे आठ आवश्यक घटक सांगितले. भेट, ओढ, प्रेमाची कबुली वगैरे आपण अंदाजानंही सांगू. महत्त्वाचे तीन : अडसर, 'आता सगळं संपलं' असं वाटण्याचा क्षण, आणि ज्यातून अडसर दूर होतो तो उमज. माझ्या मते पुस्तकाची सगळी प्रत अडसरावरून ठरते.

जेन ऑस्टिनच्या काळात, 1813 च्या 'प्राइड अँड प्रेज्युडिस'मध्ये, अडसर समाज आयता पुरवत होता : हुंडा, घराणं, वारसाहक्क. मात्र ऑस्टिन त्यावर थांबली नाही. दोघांच्या स्वभावात तिनं दुसरा, जास्त चिवट अडसर ठेवला. आजची लेखिका परदेशातल्या, कमावत्या, तिशीतल्या माणसांबद्दल लिहिते तेव्हा आयता अडसर फारसा उरत नाही. तिला तो माणसांच्या आतच शोधावा लागतो.

मराठी वाचकाला गंमत वाटावी असं उदाहरण शिकागोजवळ राहणाऱ्या सोनाली देव यांचं आहे. 2019 ते 2022 या काळात त्यांनी ऑस्टिनच्या चार कादंबऱ्यांवरून स्वतःच्या चार कादंबऱ्या रचल्या, आणि त्या सगळ्या घडतात राजे नावाच्या कुटुंबात. भारतातल्या एका काल्पनिक संस्थानाची ही मंडळी कॅलिफोर्नियात स्थायिक झालेली. पहिल्या कादंबरीचं नाव 'प्राइड, प्रेज्युडिस अँड अदर फ्लेवर्स'. आडनाव वाचलं आणि मी नकळत सावरून बसले, जणू कुणी ओळखीचं घरात आलं.

देव यांची खुबी अशी की त्यांनी पात्रांची अदलाबदल केली. ऑस्टिनचा नायक, गर्विष्ठ, श्रीमंत डार्सी, याच्या जागी इथे बाई आहे : डॉ. त्रिशा राजे, मेंदूची शल्यविशारद. आणि नायिका एलिझाबेथच्या जागी डीजे केन, आचारी. राजेंच्या घरच्या समारंभात तो स्वयंपाक करत असतो आणि ती त्याला पगारी माणसासारखं वागवते. पहिला डाव फुकट. डीजेची बहीण चित्रकार आहे. तिच्या मेंदूत गाठ आहे. ती काढून जीव वाचवू शकेल अशी डॉक्टर त्रिशाच, पण शस्त्रक्रियेत बहिणीची दृष्टी जाणार. म्हणजे ज्या बाईचा त्याला राग येतो तिच्याच हातात त्याचं सर्वस्व आहे, आणि त्या हातांनी जीव वाचवताना चित्रकाराचे डोळे काढून घ्यायचे आहेत. त्यात त्रिशा एका जुन्या चुकीमुळे घरात मनातून उतरलेली. अडसर असा हवा! 'चला, कॉफी पिऊ, गैरसमज दूर करू' म्हणून तो सुटत नाही.

वाईट पुस्तक ओळखायची माझी कसोटीही हीच. भांडण एका कप चहात मिटण्यासारखं असेल तर पुस्तक कच्चं. नायिका नायकाला दुसऱ्या बाईबरोबर पाहते, ती त्याची बहीण निघते, आणि हे कळायला साठ पानं लागतात. अशा वेळी मी पुस्तकाशी मोठ्यानं भांडते. शेवटच्या टप्प्यातली ही ताटातूट इतकी ठरीव झाली आहे की तिला 'थर्ड ॲक्ट ब्रेकअप' असं नाव आहे, आणि ती नसलेली पुस्तकं मुद्दाम शोधणाऱ्या वाचकही आहेत.

एमिली हेन्रीच्या 'बीच रीड'मध्ये (2020) हा प्रश्नच कथेत आणला आहे. जानेवारी नावाची नायिका स्वतः रोमान्स लिहिते. आईवडिलांचं प्रेम हा तिच्या श्रद्धेचा पाया होता. वडील गेल्यावर त्यांच्या अंत्यविधीलाच कळतं की त्यांच्या आयुष्यात दुसरी बाई होती. आता हिला सुखान्त लिहिता येईना. शेजारी राहत असतो गंभीर कादंबऱ्या लिहिणारा गस. दोघं पैज लावतात : तू माझ्या प्रकारचं लिही, मी तुझ्या. सुखान्तावरचा विश्वास उडालेली बाई तो पुन्हा कशावर उभा करते, हे ते पुस्तक सांगतं. हेन्रीची नायिका माझ्या सगळ्या शंका माझ्याआधी विचारते.

आता ठरीव साच्यांबद्दल, ज्यांना 'ट्रोप' म्हणतात. आधी वैर मग प्रेम. खोटं खोटं जोडपं बनणं. हॉटेलात एकच खोली शिल्लक आणि खोलीत एकच पलंग. वाचक ते नाव घेऊन मागतात, आणि हे पाहून लोक हसतात. त्यांना मी उखाण्याची आठवण करून देते. नवी नवरी उखाणा घ्यायला उभी राहते तेव्हा शेवटी नवऱ्याचं नाव येणार हे मांडवातल्या लहान पोरालाही माहीत असतं. तरी सगळ्या बायका कान टवकारतात. कारण मजा नावात नसते. चांदीच्या ताटापासून निघालेली ओळ त्या नावापर्यंत कोणत्या वळणानं पोचते, यमक कसं जुळतं, नवरी कुठे लाजते, कुठे टोला हाणते, यात असते. घासलेला उखाणा ऐकला की त्याच बायका 'हा जुना झाला, दुसरा घे' म्हणतात. एकाच पलंगाची गोष्ट शंभरदा वाचणारी वाचक त्याच जातीची. ती भोळी नाही, चोखंदळ आहे.

या वाचकांकडे गांभीर्यानं पाहणारं पुस्तक 1984 मध्ये आलं : जॅनिस रॅडवे यांचं 'रीडिंग द रोमान्स'. अमेरिकेतल्या एका गावात, पुस्तकं सुचवणाऱ्या एका दुकानातल्या बाईंभोवती जमलेल्या 42 वाचकांचा हा अभ्यास. अनेकजणी शेवटचं पान आधी चाळून पाहत. पण रॅडवेंच्या हाती लागलेली मोठी गोष्ट वेगळीच होती. पुस्तकात काय आहे याच्याइतकंच, पुस्तक वाचणं ही कृती या बायकांसाठी मोलाची होती. पुस्तक समोर धरलं की घराला कळायचं, हा वेळ आईचा आहे.

रॅडवेंनी एक बोचरी शंकाही घेतली. या वाचनानं मन शांत होतं आणि बाई पुन्हा त्याच स्वयंपाकघरात, त्याच तक्रारींत परत जाते. मग बदलतं काय? शंका खोटी नाही. जुन्या कादंबऱ्यांतला उर्मट, मनगट पिरगाळणारा नायक शेवटी 'आतून हळवा' निघायचा, ते आज वाचवत नाही. पण प्रकारही बदलत गेला. आता नायक विचारून जवळ येतो. हेलन ह्वांग यांच्या 'द किस कोशंट'ची (2018) नायिका ऑटिस्टिक आहे, आणि लेखिकेला स्वतःच्या ऑटिझमचं निदान मोठेपणी झालं होतं. कोणाला प्रेमाच्या गोष्टीत नायिका होता येतं, याची यादी अशी लांबत चालली आहे.

माझ्या आईची वेळ दुपारी दोन ते साडेतीन. त्या दीड तासात बेल वाजली तरी ती उठत नसे.

लायब्ररी बंद झाली तेव्हा काकांनी पुस्तकं रद्दीच्या भावानं काढली. त्यातलं एक मी उचललं, तेच, 'म्हणूनच तर'वालं. 27 व्या पानावर आईच्या तीन फुल्या आहेत. पहिली पुसट, दुसरी ठसठशीत. तिसरी निळ्या शाईची, घाईत केलेली. पेन्सिल सोडून पेन का, ते आधी कळेना. मग आठवलं, बाबा दोन महिने हॉस्पिटलात होते, आणि आईच्या पर्समध्ये तेव्हा एकच पेन असायचं, फॉर्म भरायचं. त्या दिवसांत शेवट माहीत नसलेली एक गोष्ट आमच्या घरात चालू होती. कॉटशेजारच्या खुर्चीत बसून आई शेवट माहीत असलेली वाचत होती.

(पुढच्या भागात : उद्योगपतीपासून बेकरीवाल्यापर्यंत, नायकाच्या नोकऱ्या कशा बदलल्या?)