वृद्ध ताऱ्यांचे मेसर आणि आकाशगंगेचे परिभ्रमण

आपली आकाशगंगा फिरते, हे पाठ्यपुस्तकात एका वाक्यात येऊन जाते. हे फिरणे मोजायचे कसे, हा प्रश्न मात्र सोपा नाही. आपण स्वतःच तिच्या तबकडीत, केंद्रापासून सुमारे २६,५०० प्रकाशवर्षांवर आहोत. केंद्राच्या दिशेला धूळ इतकी दाट आहे की तिकडून निघालेल्या एक लाख कोटी दृश्य प्रकाशकणांपैकी जेमतेम एखादा आपल्यापर्यंत पोहोचतो. रेडिओ तरंगांना ही धूळ अडवत नाही; पण साधा तारा रेडिओ तरंगांत अगदी क्षीण असतो. इथे म्हातारे तारे मदतीला येतात.

सूर्यासारखा तारा आयुष्याच्या अखेरीस फुगून लाल राक्षसी होतो आणि आपले बाहेरचे थर अवकाशात सोडू लागतो. या पसरत्या कवचात धूळ बनते, आणि बाहेरच्या भागात पाण्याचे रेणू फुटून हायड्रॉक्सिल तयार होते. तापलेल्या धुळीचे अवरक्त प्रारण शोषून हायड्रॉक्सिलचे रेणू अशा स्थितीत येतात, की वरच्या ऊर्जापातळीत खालच्यापेक्षा जास्त रेणू असतात. मग १६१२ मेगाहर्ट्झचा तरंग तेथून गेला की प्रत्येक रेणू त्यात भर घालतो. हाच मेसर, लेसरचा थोरला भाऊ. (थोरला अशासाठी, की प्रयोगशाळेत मेसर १९५४ साली बनला आणि लेसर १९६० साली.) खोडदची आपली महाकाय रेडिओ दुर्बीण सुमारे १४५० मेगाहर्ट्झपर्यंतच ऐकते, ही रेषा तिच्या हातून थोडक्यात निसटते.

या ताऱ्यांच्या वर्णपटात बहुधा एक नव्हे, दोन शिखरे दिसतात. असे का? तरंग भरपूर वाढायचा तर त्याच्या वाटेवरील रेणूंचा आपल्या दिशेचा वेग सारखा हवा. फुगणाऱ्या गोल कवचात ही अट नेमकी दोन ठिकाणी पुरी होते: आपल्यासमोरच्या बाजूला आणि थेट पाठीमागे. समोरचा वायू आपल्याकडे येतो, मागचा दूर जातो. समजा, डॉप्लर सरकणीवरून शिखरांचे वेग सेकंदाला ८० आणि ११० किलोमीटर निघाले. त्यांची सरासरी, ९५, हा ताऱ्याचा वेग. फरकाची निम्मी, १५, ही कवच फुगण्याची गती. दोन शिखरांतील अंतर अवघे ०.१६ मेगाहर्ट्झ भरते. विद्यार्थ्यांना हे गणित जरूर करायला द्यावे.

त्याहून सुंदर गोष्ट पुढेच आहे. हे तारे वर्ष-दोन वर्षांच्या किंवा त्याहून लांब कालावधीने तेजस्वी व मंद होतात, आणि मेसरही त्यांच्याबरोबर. पण मागच्या बाजूचे शिखर काही आठवडे उशिरा उजळते, कारण तिथला तरंग कवच ओलांडून यायचा असतो. हा उशीर गुणिले प्रकाशाचा वेग म्हणजे कवचाचा व्यास! दुर्बिणींच्या जाळ्याने त्याच कवचाचा कोनीय आकार मोजला, की साध्या भूमितीने ताऱ्याचे अंतर मिळते.

अंतर, दिशा आणि वेग हाती आले की अनेक ताऱ्यांवरून आकाशगंगा कुठे किती वेगाने फिरते ते मांडता येते. सूर्याचा परिभ्रमणवेग सेकंदाला सुमारे २३० किलोमीटर आहे; एका फेरीला त्याला अंदाजे २२ कोटी वर्षे लागतात.

एक सावधगिरी मात्र हवी. वृद्ध तारे वायूइतक्या शिस्तीने फिरत नाहीत. दीर्घ प्रवासात धक्के खाऊन त्यांच्या कक्षा लांबट व कललेल्या होतात आणि त्यांचा सरासरी परिभ्रमणवेग वायूच्या मागे पडतो. म्हणून तबकडीच्या वेगाचे नेमके मोजमाप मुख्यतः नवजात, वजनदार ताऱ्यांभोवतीच्या मेसरांवरून होते. वृद्धांचा खरा उपयोग मध्यवर्ती फुगवट्यात आहे, कारण तिथे त्यांचीच वस्ती दाट आहे. तेथील तारे एका लांबट दांड्याच्या आकारात फिरतात. तो दांडा तपासण्यासाठी अमेरिका आणि चिलीमधील दुर्बिणींनी सिलिकॉन मोनॉक्साइडच्या मेसरांसाठी सुमारे २८,००० लाल तारे एकेक करून पाहिले आहेत.